सल्ला हवा: हार्डवेअर बिघाडाचं निदान आणि दुरुस्ती किती आपोआप होऊ द्यावी? (महापे, १४ सर्व्हर)

महापे_रॅक३
नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत आमची छोटी सर्व्हर रूम आहे. मशीनं अशी:
८ लिनक्स सर्व्हर, प्रत्येकात २ एसएसडी, एमडीएडीएमचा (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा
४ स्टोरेज सर्व्हर, प्रत्येकी १२ डिस्क, झेडएफएस (अनेक डिस्कचा एक 'पूल' करणारी फाइल सिस्टिम)
२ स्पार्क प्रोसेसरची मशीनं, सोलारिस ११.४ (ओरॅकलची ऑपरेटिंग सिस्टिम)

रात्री ९ नंतर जागेवर कोणी नसतं. काही झालं तर माणूस ठाण्याहून निघतो. त्यामुळे बिघाड आपोआप ओळखला जावा आणि जमेल तेवढी दुरुस्ती मशीननेच करावी, असा विचार आहे. महागडं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घ्यायचं नाही, सिस्टिमसोबत येतं त्यातच भागवायचं आहे. कुठून सुरुवात करावी, आणि कोणती गोष्ट मशीनवर अजिबात सोडू नये?

रबाळे_रात्रपाळी
मेमरीपासून सुरू करा, घोळ तिथेच जास्त होतो.

लिनक्सवर रासडीमन लावा, तो कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) हार्डवेअरच्या एरर गोळा करतो. जुना एमसीईलॉग आता सोडून द्या, नव्या कर्नलवर त्याला काही भवितव्य नाही. रासडीमन चालवताना रेकॉर्डचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे नोंदी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये जातात आणि रास-एमसी-सीटीएल समरीने केव्हाही बघता येतात.

पण त्याआधी एक तपासणी करा. अनेक सर्व्हरमध्ये बायोस (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) फर्मवेअर-फर्स्ट मोडमध्ये असतो. म्हणजे करेक्टेबल एरर (जी हार्डवेअर स्वतः सुधारतं) आधी बायोसकडे जाते, आणि तिथे ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत कर्नलला तिचा पत्ताही लागत नाही. अशा मशीनवर रासडीमन शून्य दाखवतो आणि आपण निर्धास्त राहतो. खरी नोंद बीएमसीच्या (बोर्डावरचा देखरेखीचा स्वतंत्र कंट्रोलर) सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे 'सेल'मध्ये, असते, आयपीएमआयटूल सेल ईलिस्टने ती वाचा. दोन्ही ठिकाणं रोज वाचली जातील अशी व्यवस्था करा.

तो लॉग भरतो, हेही लक्षात ठेवा. बऱ्याच बीएमसी लॉग भरल्यावर नवीन नोंद घेणंच थांबवतात. सेल इन्फोमध्ये किती टक्के भरलाय ते दिसतं. ७५ च्या वर गेला की फाइलमध्ये सेव्ह करा, मगच क्लिअर. बीएमसीचं घड्याळ अनेकदा यूटीसीवर असतं, साडेपाच तासांचा फरक धरला नाही तर कर्नलच्या लॉगशी मेळ बसत नाही.

आता आपोआप दुरुस्ती. रासडीमनमध्ये पेज आयसोलेशन आहे: एकाच पेजवर (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) २४ तासांत ५० करेक्टेबल एरर आल्या की त्या पेजमधला डेटा दुसरीकडे हलवून ते पेज पुढच्या रीबूटपर्यंत बाजूला काढायचं. हे आकडे डिफॉल्टचे आहेत आणि कृती 'सॉफ्ट' असते. तशीच ठेवा. 'हार्ड' केलंत तर ते पेज वापरणारी प्रोसेस मारली जाऊ शकते. तुमच्या पॅकेजमध्ये हा भाग बिल्ड केलाय का, तेवढं पाहून घ्या. डेटाबेस ह्यूज पेजेसवर असेल तर ४ केबीच्या दोषापायी २ एमबीचं अख्खं पेज त्यांच्या राखीव साठ्यातून (पूलमधून) जातं, पूल तेवढा सैल ठेवा. एकूण किती मेमरी बाजूला गेली ते मेमइन्फोमधल्या हार्डवेअर-करप्टेड ओळीत कळतं.

रबाळे_रात्रपाळी
वर एक राहिलं. डिमची (मेमरीच्या पट्टीची) लेबलं. रासडीमन 'एमसी ०, चॅनल २, स्लॉट १' असं सांगतो, आणि बोर्डावर छापलेलं असतं 'ए५'. चुकीचा डिम काढला जाण्याचं मुख्य कारण हेच. रास-एमसी-सीटीएलला बोर्डाच्या मॉडेलप्रमाणे लेबलांची फाइल देता येते. फाइल तयार नसेल तर मशीन सेवेत घेण्याआधी बंद करून एकेक डिम काढा, सुरू करून रास-एमसी-सीटीएलच्या लेआउटमध्ये कोणती जागा रिकामी झाली ते लिहून घ्या. एका मॉडेलसाठी एकदाच करावं लागतं.

कोलशेत_स्पार्क
सोलारिसबद्दल मी लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आधीपासूनच रचलेलं आहे. सोलारिस १० पासून, म्हणजे २००५ पासून, फॉल्ट मॅनेजर त्यात आहे: एफएमडी नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम). यंत्रणा समजून घेतली तर लिनक्सवरही विचार कसा करायचा ते कळेल.

ड्रायव्हर आणि कर्नल एररच्या कच्च्या नोंदी पाठवतात, त्यांना ईरिपोर्ट म्हणतात. एक ईरिपोर्ट म्हणजे बिघाड नव्हे. निदान करणारी मॉड्यूल्स त्या गोळा करतात, बहुतेक एररसाठी ठरलेल्या वेळात ठरलेल्या संख्येहून जास्त झाल्या तरच 'फॉल्ट' जाहीर करतात आणि त्याला एक यूयूआयडी (ओळख क्रमांक) देतात. मग रिटायर करणारी मॉड्यूल्स तो सीपीयू ऑफलाइन करतात, मेमरीचं पेज काढून टाकतात किंवा डिस्कच्या जागी स्पेअर आणतात.

रोजच्या कामाला तीन कमांड पुरतात. एफएमएडीएम फॉल्टी: सध्या काय बिघडलंय, कोणत्या जागी, कोणता भाग बदलायचा. एफएमडम्प: आतापर्यंतच्या निदानांची यादी. एफएमडम्प -ई: कच्चे ईरिपोर्ट. निदान पटलं नाही तर तिसरी कमांड बघा; तिथे वेळेचा क्रम दिसतो आणि आधी कंट्रोलर कुरकुरला की डिस्क, ते कळतं.

मेलसाठी एसएमटीपी-नोटिफाय सेवा चालू करून एसव्हीसीसीएफजी सेटनोटिफायने 'प्रॉब्लेम-डायग्नोज्ड' घटनेला पत्ता द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोक नेमके इथे चुकतात. दुरुस्ती झाल्यावर फॉल्टचं खातं बंद करणं.
नवीन भाग घातला: एफएमएडीएम रिप्लेस्ड.
तोच भाग नीट बसवला, केबल घट्ट केली: एफएमएडीएम रिपेअर्ड.
निदानच चुकीचं होतं: एफएमएडीएम अक्विट.

स्वतःचा सिरियल क्रमांक सांगू शकणारे भाग (डिम वगैरे) बदलले की सिस्टिम बहुतेक वेळा आपणहून ओळखते. बाकीच्यांना सांगावं लागतं. सांगितलं नाही तर नवा कोरा भागसुद्धा दोषी म्हणून बाजूला पडून राहतो. शिवाय स्पार्कवर सर्व्हिस प्रोसेसरची, म्हणजे आयलॉमची, स्वतःची वेगळी फॉल्ट यादी असते. होस्टवर साफ केलं आणि आयलॉममध्ये राहिलं, तर पिवळा दिवा जात नाही. दोन्हीकडे बघा. आणि दिवा घालवायला म्हणून फॉल्ट साफ करू नका. तसं केलं की मोजणीच शून्यावर येते आणि पुढचं निदान तेवढं लांबतं.

महापे_रॅक३
फार उपयोगी, धन्यवाद. डिस्कचं काय? झेडएफएसला ऑटोरिप्लेस चालू करावं का?

माजिवडा_स्टोरेज
करा, पण क्रमाने.

१२ डिस्कच्या मशीनमध्ये ११ पूलमध्ये आणि १ हॉट स्पेअर (डिस्क गेली की तिची जागा घेणारी राखीव डिस्क). झेडईडी (झेडएफएसच्या घटनांवर कृती करणारा डीमन) चालू हवा, तो नसेल तर लिनक्सवर स्पेअर नुसता बसून राहतो. १० मिनिटांत १० आयओ एरर आल्या की झेडईडी डिस्कला फॉल्टेड करतो आणि स्पेअर चढवतो. चेकसम एररलाही तोच आकडा लागतो, तेव्हा डिस्क डिग्रेडेड होते. झेडईडीच्या सेटिंगच्या (आरसी) फाइलमध्ये मेलचा पत्ता डिफॉल्टमध्ये अनेकदा कॉमेंट केलेला असतो, तो उघडा.

ऑटोरिप्लेस म्हणजे त्याच स्लॉटमध्ये घातलेली नवी डिस्क पूलने आपोआप स्वीकारणं. यासाठी स्लॉटांना नावं हवीत (व्हीडेव्ह-आयडीच्या फाइलमध्ये), एसडीए-एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावांवर विसंबून राहू नका, ती रीबूटला बदलतात. रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) संपला की स्पेअर आपणहून मोकळा होतो. नवी डिस्क घालायचीच नसेल आणि स्पेअरच कायम ठेवायचा असेल, तर बिघडलेली डिस्क झेडपूल डिटॅचने काढा.

डिस्क काढायला जाणाऱ्या माणसासाठी लेडसीटीएल लोकेटने त्या स्लॉटचा दिवा लावून ठेवा. दिवा लावता येत नसेल तर ट्रेवर सिरियलचे शेवटचे ४ आकडे चिकटवा. रेड-झेड१ मध्ये (एकच डिस्क गेलेली चालते) एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढली की पूल गेला. म्हणून ११ डिस्कला रेड-झेड२ च, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी चालणारा प्रकार, ठेवा.

स्मार्टडी (डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणारा डीमन): रोज पहाटे २ ला शॉर्ट टेस्ट, लाँग टेस्ट आठवड्याला. मोठ्या डिस्कची लाँग टेस्ट दिवसभर चालते, सगळ्यांची एकाच रात्री लावू नका, स्क्रबशीही (झेडएफएस सगळा डेटा वाचून तपासतो ते काम) टक्कर होऊ देऊ नका. ५, १९७ आणि १९८ हे ॲट्रिब्यूट (खराब सेक्टरांचे आकडे) वाढले तर डिस्कच दोषी. १९९ वाढला तर डिस्कला हात लावू नका, तो सीआरसीचा, म्हणजे डेटा वाहून नेताना झालेल्या चुकांचा, आकडा आहे: केबल, बॅकप्लेन किंवा ट्रे नीट न बसणं. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून केबल बदलल्या दिवशी किती होता ते लिहून ठेवा आणि पुढे वाढतोय का तेवढंच पाहा. डिस्क रेड कंट्रोलरमागे असेल तर स्मार्टडीला ती डिव्हाइसच्या प्रकारासकट सांगावी लागते, नाहीतर ती दिसतच नाही.

माजिवडा_स्टोरेज
त्या ८ मिररवाल्यांबद्दल दोन गोष्टी. पहिली: एमडीएडीएम मिरर दुरुस्त करतो, पण ईएफआय पार्टिशन (ज्यावरून मशीन बूट होतं) सहसा मिररमध्ये नसतं. डिस्क बदलली, रीबिल्ड पूर्ण झाला, सगळं हिरवं दिसतं, आणि दुसरी डिस्क गेल्यावर मशीन बूटच होत नाही. ईएफआय पार्टिशन दोन्ही डिस्कवर कॉपी करणं आणि बूट एंट्री टाकणं, हे बदलण्याच्या पायऱ्यांतच लिहा.

दुसरी: मिररच्या दोन्ही एसएसडींवर लेखन सारखंच होतं. एकाच खेपेतल्या असतील तर झिजतातही सोबतच. पर्सेंटेज-यूज्ड (झिजेचा आकडा) ८० झाला की एक आधीच बदला, दोन महिन्यांनी दुसरी.

ऐरोली_पुलाजवळ
मेमरीची अनकरेक्टेबल (न सुधारता येणारी) एरर आली तर सरळ पॅनिक (कर्नल स्वतःच थांबतो) आणि ३० सेकंदांत आपोआप रीबूट ठेवा. कर्नल डॉट पॅनिक = ३०, जोडीला हार्डवेअर वॉचडॉग (मशीन अडकलं की रीसेट करणारा टायमर). रात्री माणूस नसताना याहून बरा उपाय नाही.

रबाळे_रात्रपाळी
@ऐरोली, रीबूटला हरकत नाही, अट घालतो: वॉर्म रीसेटच (वीज न तोडता) हवा. प्रोसेसरच्या मशीन-चेक रजिस्टरमधली नोंद वॉर्म रीसेटनंतर टिकते आणि पुढच्या बूटला कर्नल ती लॉगमध्ये टाकतो. वॉचडॉगची कृती 'पॉवर सायकल' असेल तर पुरावा पुसला जातो. शिवाय दोन रीबूटनंतर थांबायला हवं. तिसऱ्यांदा तीच एरर आली तर मशीन सेवेतून बाहेर राहिलं पाहिजे, नाहीतर रात्रभर डेटाबेस अर्धवट उठत-पडत राहतो आणि सकाळी फाइल सिस्टिमचं काम वाढतं.

रीबूटचा एक खरा फायदा वेगळाच आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ मध्ये पोस्ट पॅकेज रिपेअर असतं: चिपमध्ये राखीव ओळी असतात आणि बायोस बूटच्या वेळी खराब ओळीऐवजी त्यातली एक जोडतो. हार्ड प्रकार कायमचा टिकतो, सॉफ्ट प्रकार वीज गेली की जातो. बायोसमध्ये हे चालू असेल तर करेक्टेबल एररचा पाऊस पडल्यावर आधी ठरवून एक रीबूट द्या, मग २४ तास बघा. तरीही चालूच राहिलं तर डिम दुसऱ्या चॅनलवरच्या डिमशी अदलाबदल करा. एरर डिमसोबत गेली तर डिम खराब. जागेवरच राहिली तर सॉकेटच्या पिना किंवा बोर्ड. तिथे नवा डिम घालून पैसे वाया जातात.

ऐरोली_पुलाजवळ
दोन रीबूटची मर्यादा पटली. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्राम) युनिटमध्ये स्टार्ट लिमिट आणि बूटची मोजणी एका फाइलमध्ये, असं करता येईल.

खाडीकाठ
जागा महापे आहे म्हणून सांगतो. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखाने आणि मागे खाडी. हवेत गंधकाचे वायू असले की चांदीवर सल्फाइड चढतं, चिप रेझिस्टरची टोकं तुटतात, डिमचे संपर्क बिघडतात. वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या स्लॉटवर, पावसाळ्यात करेक्टेबल एरर वाढत असतील तर एकेक भाग बदलत बसू नका. तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर खोलीत टांगून लॅबला द्या. तांब्याला महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीला २०० च्या आत, ही जी१ या सर्वात सौम्य वर्गाची मर्यादा. वर गेलं तर ताज्या हवेच्या वाटेवर रासायनिक फिल्टर हवा, धुळीचा फिल्टर वायू अडवत नाही. डिमचे संपर्क खोडरबराने घासू नका, सोन्याचा थर जातो.

महापे_रॅक३
म्हणजे पेज, ओळ, डिस्क बाजूला काढणं आणि स्पेअर चढवणं मशीनवर. भाग बदलणं आणि फॉल्ट बंद करणं माणसावर. शेवटचा प्रश्न: हे सगळं चालतंय याची खात्री कशी करायची?

माजिवडा_स्टोरेज
स्मार्टडीच्या ओळीत -एम टेस्ट टाकून सेवा रीस्टार्ट करा, प्रत्येक डिस्कसाठी एक मेल यायला हवी. एमडीएडीएमला मॉनिटर, वनशॉट आणि टेस्ट हे तिन्ही पर्याय एकत्र द्या. झेडएफएससाठी फाइलवर बनवलेला वेगळा पूल घेऊन त्यावर झिंजेक्ट (मुद्दाम एरर घालणारी कमांड) चालवा. खऱ्या पूलवर चुकूनही नको. मेमरीसाठी बायोसमध्ये एरर इंजेक्शन चालू करून एक करेक्टेबल एरर टाका, नोंद रासडीमनमध्ये येते की बीएमसीत ते कळेल, आणि परत बंद करा. पॉवर सप्लायची खात्री प्रत्यक्षच: एक केबल काढा, ५ मिनिटांत मेल आली का पाहा, परत लावा, मग दुसरी. हे दर तीन महिन्यांनी, दिवसा, माणूस जागेवर असताना.

कोलशेत_स्पार्क
मेल एकाच व्यक्तीच्या पत्त्यावर नको, ग्रुपवर हवी. आणि मेल सर्व्हर याच १४ पैकी एखाद्यावर असेल तर बीएमसीचे अलर्ट वेगळ्या मार्गाने बाहेर काढा.