उद्या दुपारी अडीचला कान महोत्सवाची यादी

सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी
बुधवार, ९ एप्रिल २०२५

सेक्रेटरी, ७.१०: उद्या महावीर जयंतीची सुट्टी असल्याने पंपवाला येणार नाही. पाणी सकाळी ६ ते ७ एवढंच सुटेल. पिंपं भरून ठेवावीत.

ए २०४ वहिनी, ७.१४: आणि पावसहून आंब्याच्या पेट्या यायच्या होत्या त्या?

सेक्रेटरी, ७.१५: शनिवारी. नावं लिहिलेली आहेत.

बी ३०२ ताई, ७.३२: पाण्याचं झालं असेल तर एक आमंत्रण देते. उद्या दुपारी अडीच वाजता फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची निवड जाहीर होणार आहे. पॅरिसमध्ये तेव्हा सकाळचे अकरा. महोत्सवाच्या निवडीचे प्रमुख थिएरी फ्रेमो एकेक नाव वाचत जातात आणि यूट्यूबवर थेट दिसतं. सुट्टीच आहे, ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याकडे या. टीव्हीवर लावते. पन्हं करून ठेवलंय.

सी ४०२ दादा, ७.४०: ताई, यादी कशाला बघायची? बक्षीस मिळालं की पेपरात येतंच की.

बी ३०२ ताई, ७.५१: पेपरात एका सिनेमाचं येतं, आणि तेही मे संपत आल्यावर. यादीत वर्षभराचा जगाचा सिनेमा असतो. मी ती दरवर्षी वहीत उतरवून घेते आणि एकेक नाव कुठे बघायला मिळेल ते शोधत राहते. गेल्या वर्षी फ्रेमोंनी मुख्य स्पर्धेत दिग्दर्शिका पायल कपाडियांचं नाव वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. १९९४ साली शाजी करुण यांचा ‘स्वाहम’ स्पर्धेत होता, त्यानंतर भारताचा सिनेमा तिथे पोचायला तीस वर्षं गेली. त्या सिनेमाला ग्रां प्री मिळालं, म्हणजे पाम द’ऑर या सर्वोच्च पारितोषिकाच्या खालोखालचा मान. आणि त्याचा शेवटचा भाग इथे घडतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, इथेच चित्रित झालाय.

ए २०४ वहिनी, ७.५३: खरंच? कुठला सिनेमा हा?

बी ३०२ ताई, ७.५५: ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या तिघी. दोघी केरळच्या नर्स, तिसरी तिथेच स्वयंपाकाला असलेली पार्वती, आपल्या कोकणातली. छाया कदम यांनी केलीय. चाळीतली खोली बिल्डर रिकामी करायला लावतो आणि तिच्याकडे कागद नाहीत, म्हणून ती गावी परत येते. मल्याळम, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा आहेत. जानेवारीपासून हॉटस्टारवर आहे.

ए २०४ वहिनी, ७.५८: छाया कदम! कानला जाताना आईची साडी आणि नथ घेऊन गेल्या होत्या त्याच ना? मग आजच बघते. मुलांबरोबर चालेल का?

बी ३०२ ताई, ८.०१: नको, तो मोठ्यांसाठीच आहे. मुलांना ‘किल्ला’ दाखवा. बदलीच्या नोकरीतली आई आणि तिचा मुलगा कोकणात येतात त्याची गोष्ट, अविनाश अरुण यांचा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. मुलांनी मुलांचं दुःख ओळखलं, याचं मला फार अप्रूप आहे.

ए १०१ नाना, ८.१२: माका एक सांग गो बाय. दरवर्षी पेपरात येता, मराठी चित्रपट कानमध्ये पोचलो म्हणान. मगे तेचा फुडे काय जाता ता काय कळणा नाय.

बी ३०२ ताई, ८.३०: नाना, बरं झालं विचारलंत. यावर मला जरा सविस्तरच लिहायचंय.

कानमध्ये त्याच दिवसांत चित्रपटांचा बाजारही भरतो. १९५९ पासून. निर्माते, वितरक, वाहिन्यांची माणसं तिथे खरेदी-विक्रीला येतात. पैसे भरले की तिथे आपल्या सिनेमाचा खेळ लावता येतो. आपलं राज्य सरकारही मराठी चित्रपट निवडून या बाजारात पाठवतं. ते चांगलंच करतं, कारण बाहेरचा वितरक भेटायची ती जागा आहे. पण महोत्सवाने केलेली निवड वेगळी. तिथे जगभरातून दोन हजारांच्या वर चित्रपट येतात, समिती ते बघते, आणि स्पर्धेत साधारण वीस राहतात. शिवाय ‘अँ सर्तें रगार’ नावाचा विभाग आहे, १९७८ पासूनचा. नव्या, वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी. जुने जपलेले चित्रपट दाखवणारा ‘कान क्लासिक्स’ आहे. फिल्मशाळांतल्या विद्यार्थ्यांचा ‘ला सिनेफ’ आहे. समीक्षकांचा सप्ताह आणि दिग्दर्शकांचा पंधरवडा हे आणखी वेगळे, त्यांच्या संघटना स्वतः निवड करतात आणि याद्याही निराळ्या जाहीर करतात. म्हणून उद्या एखादं नाव नाही आलं तर लगेच हिरमुसायचं नाही.

पुढच्या महिन्यात ‘आपला सिनेमा कानमध्ये’ अशी बातमी फिरली की एवढंच बघायचं: कुठल्या विभागात? विभागाचं नावच नसेल तर तो बहुतेक बाजारातला खेळ असतो.

सी ४०२ दादा, ८.३८: ताई, पटलं नाही. कोणा गरीब निर्मात्याचा सिनेमा समुद्रापलीकडे पोचला, गावाला अभिमान वाटला, तर त्यात एवढी चाळण कशाला लावायची?

बी ३०२ ताई, ८.४७: अभिमान जरूर वाटू दे, दादा. त्या निर्मात्यासाठी मीही टाळ्या वाजवीन. पण सगळ्याला एकच नाव दिलं की खरी निवड झालेल्याचं मोल आपल्याच लोकांना कळत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. मराठी सिनेमा! पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. आपल्या बिल्डिंगमध्ये किती जणांना माहीत होतं? याच जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. ही बातमी आली आणि गेली. मला याचं वाईट वाटतं.

सी ४०२ दादा, ८.५०: ‘साबर बोंडं’चं मला खरंच माहीत नव्हतं.

बी १०३ (पुण्याहून), ९.०५: काकू, हॉस्टेलवरून वाचतेय सगळं. ला सिनेफचं सांगितलंत म्हणून. गेल्या वर्षी तिथे पहिलं पारितोषिक आमच्या पुण्यातल्या एफटीआयआय या फिल्मशाळेच्या चिदानंद नाईकला मिळालं, कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीच्या लोककथेवरच्या शॉर्ट फिल्मला. पायल कपाडियाही तिथल्याच. उद्या आम्ही सगळे मेसमध्ये एका लॅपटॉपभोवती बसणार आहोत. मला दिग्दर्शक नीरज घायवानचं नाव ऐकायचंय. ‘मसान’ २०१५ ला अँ सर्तें रगारमध्ये होता आणि दोन पारितोषिकं घेऊन आला. त्यानंतर त्याचा पूर्ण लांबीचा दुसरा सिनेमा अजून आलाच नाहीये. दहा वर्षं म्हणजे काय!

बी ३०२ ताई, ९.११: तुझ्या तोंडात साखर पडो. मलाही तेच नाव हवंय.

ए १०१ नाना, ९.२०: स्पर्धेत मराठी कधी गेला होता काय? कानच्या.

बी ३०२ ताई, ९.३४: हो नाना! आणि तुम्हाला तो सिनेमा तोंडपाठ आहे. ‘अमर भूपाळी’. व्ही. शांताराम यांचा, होनाजी बाळांवरचा. १९५२ साली कानच्या स्पर्धेत होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचा तिथे गौरव झाला.

ए १०१ नाना, ९.४१: ‘घनश्याम सुंदरा’! अगो, आमच्या घराक रेडिओ इलो तेव्हापासून पहाटे ता आयकत इलंय. आये चुलीकडे आणि रेडिओ खिडकीत. संगीत वसंत देसाईंचा. ते आमच्या कुडाळाकडचे, सोनवड्याचे. ह्या गाणा त्या फ्रेंच लोकांनी आयकला, ह्या माका आज कळता.

बी ३०२ ताई, ९.४५: कुडाळाकडच्या माणसाची चाल कानच्या थिएटरात १९५२ ला वाजली, नाना. स्वातंत्र्याला पाच वर्षं झाली होती. त्याच्याही आधी, १९४६ ला, महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळाला होता. आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्येच व्हेनिसला नावाजला गेला होता. म्हणजे आपण तिथे नवखे नाही. म्हणून तर मला यादीत आपलं माणूस नसलं की जास्त लागतं.

सेक्रेटरी, ९.५२: ताई, तो रत्नागिरीतला सिनेमा हॉलमध्ये लावू या का? प्रोजेक्टर आहे. गणपतीत आणला होता तो.

बी १०३ (पुण्याहून), ९.५५: काका, आपलं हॉटस्टारचं सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं. हॉलमध्ये लोक जमवून दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते.

बी ३०२ ताई, ९.५९: बरोबर आहे तिचं. आपण असं करू. ज्याने त्याने शनिवारपर्यंत आपापल्या घरी बघायचा, आणि रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये त्यावर बोलायला बसायचं. ज्यांच्याकडे हॉटस्टार नाही त्यांनी माझ्याकडे या, दोघं-तिघं.

सेक्रेटरी, १०.०२: हॉल रविवारी ६ नंतर मोकळा आहे. लिहून ठेवतो.

गुरुवार, १० एप्रिल

ए २०४ वहिनी, ००.४५: कोणी जागं नसेल, तरी लिहिते. आत्ताच संपला. माझी मोठी आत्या लालबागला होती. सगळं आयुष्य त्या एका खोलीत गेलं तिचं. नवरा वारल्यावर बिल्डरच्या माणसाने विचारलं, तुम्ही इथे राहत होता याला पुरावा काय? भाड्याच्या पावत्या, रेशनकार्ड, सगळं काकांच्या नावावर, आणि निम्मं हरवलेलं. ती गुहागरला परत आली तेव्हा आम्ही पोरं खूश झालो होतो, आत्या आता कायमची आपल्याकडे म्हणून. तिला काय वाटलं असेल हे मी कधी विचारलंच नाही. पार्वती गावच्या घरात सामान लावते तिथे मी सिनेमा थांबवला आणि थोडा वेळ नुसती बसले.

आणि तो पाऊस! मुंबईतला सगळा भाग निळा, ओला. मग इकडचा किनारा लागतो तेव्हा डोळ्यांवर ऊन येतं. आपण रोज बघतो तेच ऊन.

ए १०१ नाना, ५.५०: वाचलंय. तुझ्या आत्येक मी वळखत होतंय. भली बाय होती.

सी ४०२ दादा, ८.१५: वहिनी, आमच्या आजोबांची परळची खोली अशीच गेली. रविवारी मी येणार. त्याआधी बघतो.

बी ३०२ ताई, १०.२०: वहिनी, तुम्ही लिहिलंत ते रविवारी सगळ्यांसमोर सांगा, मी दुसरं काही मागत नाही. या वर्षी ज्युरीच्या अध्यक्ष जुलिएत बिनोश आहेत, गेल्या वर्षी ग्रेटा गर्विग होत्या. सलग दोन वर्षं बाई अध्यक्ष, असं याआधी १९६५-६६ ला झालं होतं. बरं, दोनपर्यंत या. जागा पकडून बसू.

बी ३०२ ताई, २.३३: सुरू झालं. आमच्याकडे नऊ जण आहेत. नाना पुढच्या खुर्चीत.

बी १०३ (पुण्याहून), २.४५: २९०९ चित्रपट आले होते म्हणे या वेळी!

बी १०३ (पुण्याहून), ३.०६: काकू!!! घायवान!!! ‘होमबाउंड’, अँ सर्तें रगार!!!

बी ३०२ ताई, ३.०७: ऐकलं! इथे वहिनींनी माझा हात एवढा घट्ट धरलाय. दहा वर्षांनी, त्याच विभागात!

ए १०१ नाना, ३.०९: नाव नीट वाचल्यान त्या साहेबान. आपलो पोरगो काय?

बी १०३ (पुण्याहून), ३.१०: हो नाना, घरात मराठी बोलणारा, पुण्यात शिकलेला.

बी ३०२ ताई, ३.५५: मुख्य स्पर्धेत भारताचं नाव आज आलं नाही. पंधरवड्याच्या आणि समीक्षक सप्ताहाच्या याद्या अजून यायच्यात, आणि मुख्य यादीतही नंतर नावं वाढतात. आज वाचलेल्यांपैकी मी सगळ्यात जास्त वाट बघणार आहे ती इराणचे दिग्दर्शक जाफर पनाहींची. इराण सरकारने २०१० मध्ये त्यांना सिनेमा करायला बंदी घातली, २०२२ मध्ये तुरुंगात टाकलं, उपोषणाला बसल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत सोडलं. तरी त्यांचा नवा सिनेमा स्पर्धेत आहे. दिग्दर्शकांत दार्देन बंधू आहेत, योआकिम त्रिएर आहेत, केली रायकार्ड आहेत. वहीचं पान भरलं. फोटो टाकते.

सी ४०२ दादा, ४.०२: ताई, ‘होमबाउंड’ आपल्याला कधी बघायला मिळेल?

बी ३०२ ताई, ४.१०: महोत्सव १३ ते २४ मे. त्याच्या विभागाची पारितोषिकं समारोपाच्या आदल्या दिवशी जाहीर होतात. थिएटरात त्यानंतर कधीतरी येईल. आला की पहिल्याच आठवड्यात जायचं, सगळ्यांनी, एका खेळाला. अशा सिनेमांना दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे खेळ उरत नाहीत.

सेक्रेटरी, ४.१४: गाडीची सोय मी बघतो. किती जण, ते तेव्हा विचारीन. रविवारी ६ ला हॉल, विसरू नका.