सहा माणसं, कुंभार्ली घाट आणि शेवटचा कच्चा रस्ता: सफारी की स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर?

सडेकर:
नमस्कार मंडळी. घरात सहा जण: आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. राहतो पुण्यात, गाव चिपळूणजवळ. उंब्रज-पाटण करून कुंभार्ली घाटाने उतरतो. शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, मध्ये एक पऱ्या (ओढा) आणि घरापाशी उभी घाटी, म्हणजे खडा चढ. पावसाळ्यात हॅचबॅक खालीच लावावी लागते. आई तिथून चालत येते आणि तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. सफारी, स्कॉर्पिओ-एन आणि ग्रँड विटारा ऑलग्रिप (चारही चाकांना ताकद देणारी) डोक्यात आहेत. शून्य ते शंभर किती सेकंदांत, ग्राउंड क्लिअरन्स किती, हे वाचून डोकं भंजाळलंय. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

तिसरा गियर:
ग्रँड विटारा पाच सीटची, तेव्हा ती बाद. माझ्याकडे स्कॉर्पिओ-एन डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर आहे आणि आमच्या राजापूरकडच्या घराचा रस्ता अगदी तुमच्यासारखाच.

शून्य ते शंभर सोडून द्या. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवूनही काही कळत नाही. घरच्या सगळ्यांना घेऊन जा, एसी चालू ठेवा आणि चढावर गाडी तिसऱ्यात दीड हजार आरपीएमपर्यंत पडू द्या. तिथून पाय दाबल्यावर उचलते की खालचा गियर मागते, ते बघा. स्कॉर्पिओ-एनच्या या डिझेलला १७५ पीएस (ताकद) आणि मॅन्युअलमध्ये ३७० एनएम (ओढ, म्हणजे टॉर्क), डिझेल सफारीला १७० आणि ३५०. कागदावर फार फरक नाही, म्हणून तर भरलेल्या गाडीत बघायचं. उतारावरही तसंच. दुसऱ्यात टाका आणि नुसतं इंजिन गाडी किती धरतं ते पाहा. कुंभार्लीत सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात.

आता तुमची घाटी. सफारी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. रफ, वेट असे मोड आहेत, पण ताकद जाते ती पुढच्या दोन चाकांनाच. चढावर वजन मागे सरकतं. त्यात तिसऱ्या रांगेत माणसं असली की पुढची चाकं आणखी हलकी होतात, आणि ओढायचं तर नेमकं त्यांनीच. लाल चिखलात ती जागच्या जागी फिरत राहतात. मागे बसणाऱ्यांना सफारी नक्कीच जास्त आरामाची. तुमचा रस्ता घरापर्यंत डांबरी असता तर मी तीच सांगितली असती.

फोर बाय फोर लागलेला, म्हणजे चारही चाकांना ताकद जात असली तरी तिरप्या खड्ड्यात एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक हलकं झालं, की साध्या डिफरन्शिअलमधून (एका अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गियर) ताकद त्या मोकळ्या चाकांतच वाया जाते. तेव्हा गाडी फिरत्या चाकाला स्वतः ब्रेक लावते आणि ताकद पलीकडच्या चाकाकडे वळते. आमच्या फाटकापाशी मोरीचा तिरका चर आहे. चाक क्षणभर फिरतं, खालून करकर ऐकू येते आणि गाडी निघते. त्या आवाजाला दचकून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, पाय स्थिर ठेवायचा. उभ्या चढावर फोर लो (फोर बाय फोरमधला हळू पण जास्त जोराचा गियर) लावला की गाडी माणसाच्या चालीने चढते आणि क्लच जळल्याचा वास येत नाही. मला विचाराल तर फोर लोसाठीच जास्तीचे पैसे द्यावेत.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडाही बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. स्कॉर्पिओ-एनचे १८७ मिमी कमी वाटतात. पण तिचा मागचा अ‍ॅक्सल सलग आहे, त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा माणसं बसली तरी तितक्याच उंचीवर राहतो. बाकीचं पोट मात्र कुठल्याही गाडीत वजनाने खाली येतं. म्हणून सगळे आत बसलेले असताना वाकून खाली बघा.

लाल माती:
वरचं सगळं पटलं, पण टायरचं राहिलं. गाडीबरोबर येणारे टायर रस्त्याचे असतात, चिखलात त्यांच्या खाचा लगेच भरतात. एटी (ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्या. थोडा आवाज वाढेल, मायलेज थोडं घटेल. चिखलात हवा ३३ वरून २४ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर आलात की पुन्हा भरा. हवेचा पंप गाडीतच ठेवा. आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलीच गाडी धरत नाही, तिथं कडेच्या खडीवरून चाक काढायचं. पऱ्याला पाणी असेल तर आधी चालून बघा. गुडघाभर पाणी आणि त्याला ओढ असेल तर गाडी घालू नका, मुलं आत असताना तर नाहीच.

सडेकर:
दोघांचे आभार. स्कॉर्पिओ-एनच बघतो. पण आईला चढायला उंच नाही का पडणार?

तिसरा गियर:
पडेल, आणि तुमच्या घरात हे सगळ्यात आधी बघायला हवं. फूटस्टेप बसवून घ्या. तिसरी रांग अडचणीची आहे, तिथं मुलंच बसतील. ती उघडल्यावर सामानाला जवळजवळ जागा उरत नाही, तेव्हा टपावर कॅरियर लागेल. बुकिंगचे पैसे भरण्याआधी आईंना मधल्या सीटवर चार-पाच वेळा चढायला-उतरायला सांगा. उतरताना पाय टेकवायला त्यांना त्रास होत असेल, तर दुसरी गाडी बघू.