हंसा वाडकरांचा कोणता सिनेमा आधी दाखवू?

परभणीची नात: माझी आजी ८४ वर्षांची. माळेगावच्या जत्रेत बैलगाडीनं जाऊन तंबूत ‘सांगत्ये ऐका’ पाहिलेला, अजून तेच सांगायली. त्यातल्या ‘बुगडी’ गाण्यावर हंसाबाईच नाचल्या म्हणते. खरं का? त्यांचं अजून काय दाखवू?

अंबाजोगाईकर: ताई, ‘बुगडी’वर जयश्री गडकर नाचल्यात. पण आजींना लगेच खोडू नका. १९५९ चा हा सिनेमा पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, त्यात हंसाबाईंचा वाटा मोठा. आधी प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) लावा, मग ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७). सोवळी सखू आणि ‘राम जोशी’तली तमाशाच्या फडावरची ‘बया’, दोन्ही एकाच बाईनं केल्यात! मला तर सखूच जास्त भावते.

लातूरची वाचक: त्यांचं आत्मचरित्र तुम्ही स्वतः वाचा. नाव ‘सांगत्ये ऐका’च. लहानपणीच घर चालवायला कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं, नवऱ्याचा जाच, दारू, काहीच झाकलं नाही. मी एका रात्रीत संपवलं, पहाटे रडले. १९७१ मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नाही. या आत्मचरित्रावरूनच बेनेगलांचा ‘भूमिका’ सिनेमा, स्मिता पाटीलचा.

परभणीची नात: आज सखू लावली. आजीनं पडद्याला हात जोडले. बुगडीचं काही बोलले नाही.