क्युबाला माल पाठवावा का?

छावणीवाला: इंदूरात आमचं स्प्रे पंपांचं दुकान आहे, एक ओळखीचे म्हणाले क्युबाला पाठवा, तिकडे सगळ्याचीच टंचाई. पण अमेरिकेची बंदी आहे ना १९६२ पासून, आपण अडकतो का?

पोहेजलेबी: बंदी अमेरिकेची, आपली नाही हो. पण क्युबा म्हटलं की बँका हात वर करतात, आणि तिथे माल उतरवलेल्या जहाजाला, काही सवलती सोडल्या तर, १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही, म्हणून भाडं चढं. गंमत म्हणजे अन्नधान्य विकायला सूट देणाऱ्या त्यांच्या २००० च्या कायद्यानंतर खुद्द अमेरिकेचंच चिकन तिकडे जातं, तेही आधी रोख मोजून! तुम्हीही उधारी ठेवू नका.

जुना_इंदूरकर: साखर पार बसली तिकडची, १९९० ला ८० लाख टन, आता ५ लाखही नाही. उसाच्या पडीक रानात माराबू नावाचं काटेरी झुडूप माजलंय, आपल्या वेड्या बाभळीचं भावंडच म्हणा. पण त्याचाच कोळसा करून युरोपात विकतात, २०१७ ला ४० टन अमेरिकेलाही गेला. जंगल मात्र वाढलंय, १९५९ ला १४ टक्क्यांच्या आसपास होतं, आता ३० च्या वर.

छावणीवाला: म्हणजे पंपापेक्षा भट्टी लावलेली बरी 😄 अ‍ॅडव्हान्स आला तर बघतो, बाबा तर आत्ताच नको म्हणतायत.