नववीच्या वर्गात हा विषय काढायचा की नाही?

गोदाकाठ
काल इथे एका पालकांनी लिहिलं की शाळेत आत्महत्या हा शब्दच नको, नसलेलं डोक्यात भरतं. वर्षातून एक व्याख्यान आणि रोज दहा मिनिटं ध्यान पुरे. वाचून गप्प बसवेना. थेट विचारल्याने विचार रुजतो, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. 'जगणं नकोसं वाटतं का?' असं शांतपणे विचारलं की मुलाला बोलायला वाट मिळते. घातक असतं ते पद्धतीचं वर्णन, एकच कारण चिकटवणं आणि गेलेल्या मुलाचा गौरव.

आणि सभागृहात चारशे मुलं कोंबून व्याख्यान? युरोपातल्या 10 देशांत, 168 शाळांत, 11,110 मुलांवर झालेला अभ्यास 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. चार आठवड्यांत मिळून वर्गातच पाच तास, त्यातले तीन तास मुलांनी स्वतः प्रसंग वठवायचे. वर्षभराने त्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मं होतं. शिक्षकांना नुसती लक्षणं ओळखायला शिकवलं, तिथे ठळक फरक दिसला नाही.

खडूफळा
युरोपातलं इथे नका चिकटवू. तुकडीत सत्तर मुलं. वर मतदारयादीची बीएलओ ड्युटी, पोषण आहाराचे हिशेब, सरकारच्या यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरणं. आता मुलांचा जीव वाचवायचं कामही मास्तरांच्याच माथी? उद्या काही झालं की पहिली नोटीस वर्गशिक्षकालाच येणार.

गोदाकाठ
शिक्षकांवर टाका असं मी कुठे म्हटलं? बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांनी राबवावा की इतरांनी, हेच तपासलं, 2018 साली छापून आलं. शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा फायदा दिसला नाही. त्याच कामासाठी वेगळी नेमलेली, शिकवून तयार केलेली माणसं होती तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, उदासी आणि दादागिरी घटली. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती.

खडूफळा
मग तसं आधी लिहायचं. यावर माझं भांडण नाही.

पेठरोड
तुम्ही दोघं नाशिक शहरातच अडकलात. पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा. समुपदेशक मंगळवारी येणार आणि मूल शुक्रवारी रात्री वसतिगृहात खचणार. तेव्हा समोर असतात अधीक्षक, स्वयंपाकी, चौकीदार. प्रशिक्षण आधी त्यांना द्या. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोर प्रमाण मराठीत मन मोकळं करत नाही, हेही ध्यानात घ्या. भिंतीवर 14416 हा टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर रंगवलात, पण फोन अधीक्षकांच्या टेबलावर असेल आणि 'कुणाला करतोस?' विचारलं जात असेल, तर तो नंबर असून नसल्यासारखा.

कॉलेजरोडचा_पालक
कालची पोस्ट माझी. सगळे शाळेवर तुटून पडलात, क्लासवाल्यांना कुणी बोलत नाही. गंगापूर रोडवर चाचणी झाली की गुणांप्रमाणे बॅच बदलतात. खालच्या बॅचमध्ये गेलेल्या मुलाने तोंड कुठे लपवायचं?

पेठरोड
त्याच निकालात तेही आहे. गुणांवरून बॅचा पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, आणि हे कोचिंगलाही लागू आहे. फी भरताना लेखी विचारा ना! पालक विचारतात फक्त 'टॉपर बॅचला कोण शिकवतं?'

कॉलेजरोडचा_पालक
पालकांवर घसरायचं काम नाही. भीती आम्हालाही वाटते, म्हणून तर लिहिलं.

खडूफळा
भीती असेल तर परीक्षेच्या निकालाआधी घरात बोला. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते. हे निकाल लागल्यावर सांगून उपयोग नाही, तेव्हा मूल ऐकण्याच्या स्थितीत नसतं.

चिठ्ठीपेटी
वाद चालू द्या, पण बिघडतं कुठे ते सांगते. समुपदेशनाची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारी असते, आत गेलेलं मूल साऱ्या शाळेला दिसतं. प्रश्नपेटी ठेवतात आणि आठवड्याने उघडतात. रोज शाळा सुटण्याआधी उघडणार नसाल तर ठेवूच नका. सत्र शनिवारी घेऊ नका, मन ढवळलेलं मूल रविवारभर एकटं राहतं. सत्र घेणारी व्यक्ती त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत शाळेतच हवी.

मूल बोललंच, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. 'सुरक्षिततेसाठी लागेल तेवढंच, तुला सांगूनच सांगेन' असं म्हणायचं. त्याला एकटं सोडायचं नाही. पालकांना फोनवर न उरकता बोलावून घ्यायचं, आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. घरातूनच छळ होत असेल तर आधी 1098, म्हणजे चाइल्डलाइनला फोन. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पालकांना एक गोष्ट ठामपणे सांगा: फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ. आवेगाचा तो काळ बहुधा थोडा असतो, वेळ मिळाला की माणूस वाचतो.

कॉलेजरोडचा_पालक
शब्द वापरायला माझा विरोध होता, तो व्याख्यानापुरता ठेवतो. पाच तासांच्या सत्रांना नाही म्हणणार नाही. पण सत्रं सुरू होण्याआधी पालकसभेत नेमकं काय बोलणार ते आम्हाला सांगायचं.

चिठ्ठीपेटी
सांगायलाच हवं. त्याच सभेत औषधांच्या किल्लीचंही बोलता येईल.