मदत हवी आहे : ट्रॅफिकमध्ये इंजिनाचा शेक थेट उजव्या पायाला

ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं महापे, रोज कळवा-विटावा मार्गे. बाईक ४०० सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड. मोकळ्या रस्त्यावर काहीच त्रास नाही. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पहिल्या गिअरमध्ये रांगायला लागलं, की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम झोत उजव्या नडगीवर येतो. एप्रिल-मेच्या दमट हवेत हे खरंच असह्य होतं, चक्कर येईल अशी भीती वाटते.

कूलंट बदललं, रेडिएटरच्या जाळीतली माती धुतली, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासून घेतले. सगळं ठीक आहे, तापमानही लाल पट्ट्यात जात नाही. ऑइल मॅन्युअलप्रमाणेच. जाड जीन्सने शेक कमी लागतो, पण घामाने जीव जातो.

वॉरंटी चालू आहे, त्यामुळे वायरिंगला हात लावायचा नाही. ऑफिसची वेळ बदलता येत नाही. हेल्मेट आणि जाळीचं जॅकेट सोडणार नाही.

बेंड पाइपला (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळायचा विचार आहे, पण आपल्या पावसाळ्यात त्यात पाणी मुरून पाइप गंजेल असं वाटतं. त्याऐवजी रेडिएटरची हवा पायापासून वळवणारा पत्रा कुणी बसवलाय का, आणि त्याने पंखा जास्त वेळ चालू राहतो का?