ओलांदची २०२७ची निवडणूक : मत राहणाऱ्याचं की हक्कदाराचं?

बंदरावरचा

स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणारी रात्रीची बोट वाटेत ओलांदला धक्क्याला लागते. प्रवासी झोपेत असतात, नाहीतर बोटीवरच्या दुकानात बाटल्या निवडत असतात. बोट थांबते तीही मुख्यतः त्या बाटल्यांसाठीच. ही बेटं फिनलंडची असली तरी युरोपीय संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे थांबा घेतला की करमुक्त विक्री करता येते.

(नकाशात आलँड वाचाल, स्वीडिश उच्चार ओलांद. स्वीडनचं मिळत्याजुळत्या नावाचं बेट वेगळं, गल्लत नको.)

वस्ती तीस हजारांच्या आसपास, राजधानी मारिएहाम्न, भाषा स्वीडिश. ३० जागांचं स्वतःचं कायदेमंडळ आहे, त्याला लागटिंग म्हणतात. निवडणूक दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी. पुढची १७ ऑक्टोबर २०२७ला. शाळा, दवाखाने, पोलीस, टपाल यांचे कायदे लागटिंग करते. परराष्ट्र व्यवहार, न्यायालयं आणि बहुतेक कर हेलसिंकीकडे.

माझा आक्षेप मतदारयादीवर आहे. लागटिंगसाठी मत द्यायचं किंवा उभं राहायचं तर 'हेम्बिग्ड्सरेट' लागतो. मराठीत मी त्याला गावकीहक्क म्हणेन. आईबापांपैकी एकाकडे असेल तर जन्मतः मिळतो. बाहेरच्याने फिनलंडचं नागरिकत्व घ्यायचं, बेटावर पाच वर्षं काढायची, स्वीडिश पुरेशी यावी लागते, मग अर्ज. जमीन विकत घ्यायलाही हाच हक्क लागतो.

या अटींची मुळं १९२१ची. तेव्हा त्या ठीक होत्या. आज तिथल्या हॉटेलात खोल्या आवरणारी, मासे साफ करणारी माणसं लाटव्हिया-रोमेनियातून आलेली आहेत. कर भरतात, मुलं तिथल्या शाळेत जातात. ग्रामपालिकेला मत देता येतं, पण त्या शाळेचा कायदा करणाऱ्या सभेसाठी नाही. एका चोरासाठी लावलेलं कुलूप आता घरच्या गड्यालाच बाहेर ठेवतंय.

---

शंकासुर

असहमत. चोर कोण होता ते तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून कुलूप विनोदी वाटतंय.

१८०९पर्यंत ही बेटं स्वीडनची. मग फिनलंडसकट रशियाकडे. क्रिमियन युद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने बोमरसुंडचा किल्ला फोडला आणि १८५६च्या तहात इथे लष्कर ठेवायचं नाही असं ठरलं. ते आजही लागू आहे, ओलांदच्या पोरांना फिनलंडची सक्तीची लष्करसेवा नाही. १९१७पासून लोकांनी सह्या गोळा करून स्वीडनकडे जायचं म्हटलं. फिनलंडने पुढाऱ्यांना देशद्रोहाखाली अटक केली. जून १९२१मध्ये राष्ट्रसंघाने निकाल दिला : बेटं फिनलंडची, पण स्वीडिश भाषा आणि जमीन राखायची हमी फिनलंडने द्यायची.

म्हणजे हा हक्क ही मेहेरबानी नव्हे, मनाविरुद्ध नांदायला गेल्याबद्दल घातलेली अट आहे. तीस हजारांच्या गावात दोन हजार नवे मतदार आले तर ३० पैकी किती जागा हलतील, बोटांवर मोजा. मुंबईला दोन हजारांनी काही होत नाही.

---

पेडण्याचो_पोरगो

गावकी शब्द आवडला, पण आमच्याकडे त्याचा खरा अर्थ जगून पाहा. गोव्यात कोमुनिदादचा, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, गांवकार जन्मानेच होतो. जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, परंपरेने पुरुष वंशजांना. तुम्ही पन्नास वर्षं गावात राहा, तिथेच मरा, गांवकार होणार नाही. त्यापुढे ओलांदची पाच वर्षं आणि भाषेची अट म्हणजे उघडं दारच की! आमच्या कुणाला एवढ्यावर गांवकार करून घेतलं असतं तर पेढे वाटले असते.

आणि आम्हाला १६ जानेवारी १९६७ला निदान विचारलं तरी : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही? ओलांदवाल्यांचा फैसला जिनिव्हात झाला. त्यांनी दाराला कडी लावली तर मी त्यांना दोष देणार नाही.

---

खवचट खान

आपण किती तावातावाने भांडतोय! लक्षद्वीपला आणि अंदमान-निकोबारला विधानसभाच नाही, लोकसभेत एकेक खासदार. ओलांदकडे स्वतःचं लागटिंग आहे, वर फिनलंडच्या २०० जणांच्या संसदेत एक खासदार आहे. आधी लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीत, एखादं लागटिंग काढा, मग मतदारयादीवर बोलू.

---

शंकासुर

@खवचट खान, मुद्दा बरोबर, पण वेगळा धागा काढा. मी येऊन भांडेन.

---

एस्पोकर_ताई

चौदा वर्षं फिनलंडमध्ये आहे, आता इथली नागरिक. बंदरावरचा आणि शंकासुर, दोघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणून लिहिते.

भाषेची अट मला बोचत नाही. मी स्वतः फिनिश शिकताना रडले आहे, तरी म्हणते : शाळेचा कायदा ज्या भाषेत होतो ती यायलाच हवी. पाच वर्षंही चालतील. खरी अडचण नागरिकत्वाची. ऑक्टोबर २०२४पासून फिनलंडने नागरिकत्वासाठी लागणारं सर्वसाधारण वास्तव्य पाचवरून आठ वर्षं केलं. हा नियम ओलांदने केलेला नाही, हेलसिंकीच्या संसदेने केला, स्थलांतराच्या राजकारणातून. त्यात मारिएहाम्नच्या लाटव्हियन बाईचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. भाषा आली तर पाच वर्षांची सवलत आहे, पण ती ठेवायची की काढायची हेही हेलसिंकीच ठरवणार.

म्हणजे शंकासुरांची स्वायत्तता राखणारी यादी कुणाच्या हातात आहे बघा. बेटाच्या सभेला कोण मत देणार याची एक किल्ली बेटावर नाहीच.

उलट बाजूही आहे. बेटावरची पोरं शिकायला मोठ्या संख्येने स्वीडनला जातात. तिकडेच नोकरी लागली, पाच वर्षांहून जास्त राहिली की हक्क जातो. आजीच्या अंगणात वाढलेली मुलगी बेट सोडल्याच्या सहाव्या वर्षी मतदार राहत नाही. तेव्हा 'हक्क रक्ताचा' हेही पूर्ण खरं नाही, तो राहण्याचाच आहे. मग राहणाऱ्यालाच का नाही?

---

बंदरावरचा

ताई, ही किल्ली माझ्या लक्षातच आली नव्हती. माझा आक्षेप बदलतो : पाच वर्षं ठेवा, स्वीडिश ठेवा, नागरिकत्व काढा. जमिनीची अट मात्र आहे तशीच असू दे. तिथला समुद्रकाठ खुला केला तर स्टॉकहोमचे पैसेवाले दोन उन्हाळ्यांत सगळी किनारपट्टी घेऊन टाकतील. मत आणि जमीन एकाच दावणीला कशाला बांधायची?

---

शंकासुर

कारण वेगळी केली की जमिनीचा कायदा बदलायला मत देणारे तयार होतील. इतकं साधं आहे.

शिवाय २०२७चा कुठलाही उमेदवार हे आश्वासन एकट्याच्या जोरावर देऊ शकणार नाही. ही अट स्वायत्तता कायद्यात आहे. तो बदलायचा तर फिनलंडच्या संसदेत घटनादुरुस्तीसारखी प्रक्रिया हवी आणि लागटिंगमध्येही दोन तृतीयांश. ३० पैकी २०, सगळ्यांनी मत दिलं तर. हक्क असलेल्यांनी निवडून दिलेल्या वीस जणांनी हक्क वाटून टाकायचा. कोण टाकेल?

---

पेडण्याचो_पोरगो

आमचे गांवकार तर नाहीच टाकणार.

---

एस्पोकर_ताई

शंकासुर, तुमची भीती कळते, पण ती दोन हजार माणसं एका गठ्ठ्याने मत देतील हे कशावरून? कोण शाळेसाठी देईल, कोण बोटीच्या नोकऱ्यांसाठी, जसं बाकीचे देतात. आणि वीस जण लागतील म्हणूनच प्रश्न निवडणुकीआधी विचारायचा. मी पुढच्या उन्हाळ्यात सायकल घेऊन तिथे जातेय, मोकळे रस्ते आणि फेरीबोटी, सुख असतं म्हणे. धक्क्यावरच्या हॉटेलात खोली आवरायला येईल तिला विचारेन, २०२७ला मत आहे का. उत्तर इथेच लिहीन.

---

शंकासुर

विचारा. आणि खोली आवरणारी मारिएहाम्नचीच निघाली, तर तिलाही विचारा, हक्क वाटून टाकशील का.